तेहेतीस गुणांची आई

माणसाचं हाड मोडायला एक क्षण पुरतो; ते जोडावं की जोडू नये हे ठरवायला मात्र विचार लागतो, आणि विचार म्हटला की वेळ आला, समिती आली, फॉर्म आला. तरुण माणसाचं हाड मोडलं तर ते सरळ जोडून टाकतात, कारण तिथे विचार करण्यासारखं काही नसतं. पंच्याहत्तरीपुढचं हाड ही वेगळी बाब आहे. त्या हाडामागे एक हृदय असतं, दोन फुप्फुसं असतात, मूत्रपिंडं असतात, आणि या सगळ्यांच्या मागे नातेवाईक असतात. यातलं कोण केव्हा दगा देईल याचा अंदाज घेतल्याशिवाय हाडाला हात लावणं म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा. शहरातल्या मोठ्या रुग्णालयानं हे वेळीच ओळखलं आणि 'ज्येष्ठ अस्थिरुग्ण शस्त्रक्रियापूर्व जोखीम मूल्यांकन कक्ष' उघडला.

कक्ष पहिल्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला आहे. पूर्वी तिथे चाकांच्या खुर्च्या ठेवत असत. आता खुर्च्या बाहेर दाराशी असतात आणि कक्ष आत असतो, त्यामुळे रुग्णाची खाट काही आत जाऊ शकत नाही. हे एका अर्थी बरंच झालं. रुग्ण समोर नसला की मूल्यांकनात भावना येत नाहीत. कक्षाचा फॉर्म अकरा पानी आहे आणि त्यात एकूण चाळीस गुण आहेत. इथे कमी गुण मिळवणारा हुशार समजला जातो. वीसच्या आत आला तर शस्त्रक्रिया. वीस ते तीस असेल तर आणखी तपासण्या. आणि तिशीच्या वर गेला तर 'शस्त्रक्रिया रुग्णाच्या हिताची नाही' असा शेरा, तोही छापील, म्हणजे कुणाला तो लिहिताना हात थरथरायला नको.

कक्षाची कामगिरी डोळे दिपवणारी आहे. गेल्या वर्षी कक्षानं तपासलेल्या ज्येष्ठांपैकी एकही जण शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावला नाही. (अकरा जण त्याआधीच वॉर्डात दगावले, पण ते टेबलापर्यंत पोचले नसल्यामुळे या आकड्यात येत नाहीत. त्यांची नोंद 'इतर' या रकान्यात आहे.)

अशा या कक्षाच्या दारात, चाकांच्या दोन खुर्च्यांमधल्या फटीतून अंग चोरत, एका सोमवारी दुपारी चिरंजीव दाखल झाले.

चिरंजीव म्हणजे चोपन्न वर्षांचे, एका कचेरीत उपव्यवस्थापक, आणि आईचे एकुलते एक. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सकाळी साडेनऊच्या सुमाराला ती घरात पडली आणि तिचा डावा खुबा मोडला. चिरंजीव आणि सूनबाई आठ वाजताच आपापल्या कचेऱ्यांना गेलेले असल्यामुळे तिनं स्वतःच सरपटत जाऊन फोन ओढला आणि चिरंजीवांना कळवलं. पहिलं वाक्य होतं, "घाबरू नकोस, मी बरी आहे, तुझं जेवण झालं का?"

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि तिथेच उभ्या उभ्या निकाल दिला. हा गृहस्थ तोंडानं फटकळ, पण हाताला यश असलेला. "दोन दिवसांत बसवतो. आजी पंधरवड्यात काठी धरून चालतील. पण दोन दिवसांत. म्हाताऱ्या माणसाला आडवं ठेवलं की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात. मग माझ्याकडे येऊ नका. आता ते वरच्या कक्षाचं तेवढं उरकून घ्या."

उरकून घ्या, असं ते म्हणाले. बिचारे हाडांचेच डॉक्टर, त्यांना कागदाची काय कल्पना!

कक्षात एक तरुण डॉक्टरबाई फॉर्म भरून घ्यायला बसलेल्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, समोर गार झालेला चहा. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत नियम होता: पंच्याहत्तर वर्षांवरील रुग्णाची माहिती जवळच्या नातेवाइकानेच द्यावी, ज्येष्ठ व्यक्ती स्वतःची क्षमता वाढवून सांगतात असे आढळून आले आहे. नियम रास्तच आहे. माणसाला स्वतःबद्दल जितकं कळतं त्यापेक्षा त्याच्या मुलाला जास्त कळतं, हे कुठल्याही मुलाला विचारा.

"तुम्ही कोण त्यांचे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मुलगा," चिरंजीव म्हणाले, आणि नकळत ताठ बसले.

त्या ताठ बसण्यामागे एक इतिहास आहे, तो इथे सांगायलाच हवा. तीन महिन्यांपूर्वी इमारतीच्या रहिवासी संघानं चिरंजीवांना 'आदर्श मातृसेवक' असं प्रशस्तिपत्र दिलं होतं. लाकडी चौकट, काच, खाली अध्यक्षांची वळणदार सही. गच्चीवर साठ माणसं जमली होती. चिरंजीवांनी भाषण केलं. "गेली नऊ वर्षं मी माझ्या आईला काडी उचलू दिलेली नाही," असं ते म्हणाले तेव्हा बायकांनी डोळे पुसले आणि पुरुषांनी आपापल्या बायकांची नजर चुकवली. (आईला मात्र हे भाषण ऐकता आलं नाही. साठ माणसांचा चहा कुणीतरी करायला हवा होता.)

तेव्हापासून हे वाक्य चिरंजीवांच्या तोंडात बसलं होतं. कचेरीत, लग्नाकार्यात, दाढीच्या दुकानात, विषय कुठूनही निघो, ते तिथे येऊन टेकायचं. त्यात लबाडी नव्हती हो! चिरंजीवांचा त्यावर मनापासून विश्वास होता. ते सकाळी आठला जात तेव्हा आई खिडकीशी खुर्चीत बसलेली असे. संध्याकाळी सातला येत तेव्हाही आई खिडकीशी खुर्चीतच बसलेली असे. मधल्या अकरा तासांत ती उठत असेल असं मानायला त्यांच्याकडे कसलाही पुरावा नव्हता.

"रुग्ण दोन जिने न थांबता चढू शकतो का?" डॉक्टरबाईंनी वाचलं. प्रश्नापुढे कंसात 'पडण्यापूर्वीची स्थिती सांगावी' असं होतं. (हा कंस नंतर घालण्यात आला. त्याआधी मोडक्या पायाच्या एका गृहस्थांना खरोखर जिन्यापाशी नेऊन उभं केलं गेलं होतं.)

"जिने?" चिरंजीव हसले. "आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पण आई घराबाहेर पडतच नाही. गेली नऊ वर्षं आम्ही तिला काडी उचलू दिलेली नाही."

डॉक्टरबाईंनी 'नाही' लिहिलं. आठ गुण.

"घरातली कामं? केर, भांडी, कपडे, स्वतःचं आवरणं?"

"छे छे! बसल्या जागी सगळं."

परावलंबी. पाच गुण.

"पडल्या कशा?"

इथे चिरंजीव जरा अडखळले. आई कशी पडली हे त्यांना ठाऊक होतं, कारण दार फोडून ते आत गेले तेव्हा स्टूल आडवं पडलेलं होतं, आईच्या हातात फडकं होतं, आणि शेजारी ती प्रशस्तिपत्राची चौकट काच फुटून पालथी पडली होती. आदर्श मातृसेवकाची अठ्ठ्याहत्तर वर्षांची माता त्याच प्रशस्तिपत्रावरची धूळ पुसायला स्टुलावर चढली आणि पडली, हे वाक्य फॉर्मवर कसं दिसेल याचा त्यांनी क्षणभर विचार केला. ते काही बरं दिसलं नसतं.

"बसल्या बसल्या पडली," चिरंजीव म्हणाले.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. स्टुलावरून पडणारा माणूस स्टुलामुळे पडतो. त्यात वैद्यकशास्त्राला करण्यासारखं काही नसतं. पण बसल्या जागेवरून जो पडतो त्याच्या आत काहीतरी भयंकर चाललेलं असणार. हृदय क्षणभर थांबलं असेल, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असेल, कानातला तोल गेला असेल. त्यांनी सात गुण मांडले आणि तीन चिठ्ठ्या लिहिल्या: हृदयवाले, मेंदूवाले, कानवाले.

मंगळवार हृदयाला गेला. हृदय उत्तम निघालं, त्यामुळे संशय वाढला. चोवीस तास छातीला यंत्र लावून ठेवायचं ठरलं, कारण जे हृदय एवढं उत्तम दिसतं ते नक्कीच काहीतरी लपवत असणार. कानवाले बुधवारी आले आणि आईला म्हणाले, उभं राहून डोळे मिटा बघू. आई म्हणाली, "डोळे मिटते बाबा, उभी नाही राहता येत." त्यांनी 'तपासणीस सहकार्य नाही' असं लिहिलं आणि गेले.

मेंदूवाल्यांशी मात्र आईचं चांगलं जमलं. वार, तारीख, शंभरातून सात वजा करत जाणं, सगळं तिनं धडाधड सांगितलं. मग त्यांनी सहज विचारलं, "आजी, दिवसभर काय करता?"

"काय करणार? पाणी भरते, केर काढते, चार वेळा खाली जाऊन येते. दूध, भाजी, इस्त्रीचे कपडे. परवा स्टुलावर चढले होते, तीच चूक झाली."

"चार वेळा? चार मजले?"

"मग काय तर! सामान कोण वर आणून देणार?"

मेंदूवाल्यांनी फॉर्म उघडला, मुलाचा जबाब वाचला आणि मान हलवली. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं बरं आजी. पडा तुम्ही." आणि सहाव्या पानावरच्या 'भ्रम आहे का?' या प्रश्नासमोर त्यांनी लिहिलं: आहे. रुग्णास आपण रोज चार मजले चढतो असे वाटते. तसेच आपण स्टुलावर चढलो असाही ठाम समज. समजूत घातल्यास चिडत नाही. सहा गुण.

बुधवारी संध्याकाळी बेरीज झाली. वयाचे चार, जिन्यांचे आठ, परावलंबनाचे पाच, अज्ञात कारणानं पडण्याचे सात, भ्रमाचे सहा, रक्तदाब आणि किरकोळ तीन. एकंदर तेहेतीस. डॉक्टरबाईंनी चिरंजीवांना बोलावून सांगितलं की गुरुवारी चार वाजता समिती बसेल आणि छापील शेऱ्यावर सही करेल. पायाला वजन बांधून तीन महिने बिछान्यात ठेवायचं. रुग्णाच्या हिताचं तेच आहे.

"म्हणजे?" चिरंजीवांनी खाली येऊन हाडांच्या डॉक्टरांना विचारलं.

"म्हणजे आजी परत उभ्या राहणार नाहीत," ते म्हणाले. "तीन महिने काढले तर. बहुतेक काढणार नाहीत. आत्ताच श्वास ऐका त्यांचा. मराठीत सांगितलं, कळलं ना?"

चिरंजीवांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खाटेजवळ गेले. आईचा पाय उशीवर होता, ओठ सुकले होते, आणि छातीतून बारीक घरघर येत होती. सोमवारी ती नव्हती. "जा तू घरी," आई म्हणाली. "दमलास. आणि गुरुवारचं पाणी लवकर येतं, पहाटे साडेपाचला. टाकी भरून घ्या बरं."

टाकी भरायची असते ही बातमी चिरंजीवांना नवीन होती.

घरी सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ओट्यावर तीन दिवसांची भांडी होती, कपड्यांचा ढीग खुर्चीवर चढला होता, आणि सोमवारपासून जमिनीवर पसरलेली ती काच अजून तिथेच होती.

"अहो, एक विचारू?" सूनबाई म्हणाल्या. "ती कामवाली बाई का येत नाहीये? आई नाहीत हे बघून दांड्या मारायला लागली की काय?"

"मला काय माहीत? तूच बोलतेस ना तिच्याशी?"

"मी? मला वाटलं तुम्ही बोलता."

मग सूनबाईंनी शेजारी विचारलं. कामवाली बाई सात वर्षांपूर्वीच, गुडघे दुखतात म्हणून काम सोडून गेली होती. (ती आईपेक्षा वीस वर्षांनी लहान होती.) गेली सात वर्षं दोघंही सकाळी निघताना खरकटी भांडी ठेवून जात होते आणि संध्याकाळी ती घासलेली मिळत होती, तेव्हा बाई येते हे उघडच होतं. "अहो, मी मैत्रिणींना सांगते, आमची बाई इतकी चांगली आहे, कधी दिसतसुद्धा नाही," असं म्हणून सूनबाईंनी तोंडावर हात घेतला.

गुरुवारी सकाळी चिरंजीव आईचे कपडे घेऊन उतरत होते. तळमजल्यावर जिन्याच्या तोंडाशीच शिंप्याचं दुकान आहे. तो मशीन थांबवून म्हणाला, "साहेब, आजी कशा आहेत? चार दिवस झाले, जिना सुना वाटतोय."

"जिना?"

"मग! दिवसाच्या चार खेपा ठरलेल्या. नऊला, अकराला, तीनला आणि साडेपाचला. पिशवी माझ्या बाकड्यावर टेकवायच्या, पाणी प्यायच्या आणि चालू लागायच्या. मधे कुठे थांबायच्या नाहीत, मी मोजलंय ना, मशीनवर बसून दुसरं काय करतो? रविवारी फक्त दोन. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा."

"मला कधी बोलली नाही," चिरंजीव म्हणाले.

"मी म्हटलं त्यांना, की मुलाला सांगा. तर म्हणाल्या, नको रे, तो सगळ्यांना सांगतो मी आराम करते म्हणून. किती खूश असतो सांगताना. कशाला त्याला खोटं पाडू?"

चिरंजीव त्याच बाकड्यावर टेकले. शिंप्यानं त्यांनाही पाणी दिलं.

दहा वाजता ते कक्षात होते. माहिती बदलायची सोय आहे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. कक्ष काही माणुसकी सोडून नाही. त्यासाठी 'सुधारित निवेदन' द्यायचं. ते नातेवाइकानं स्वतःच्या हातानं लिहायचं, आधीची माहिती चुकीची का दिली त्याचं कारण नमूद करायचं, आणि त्यावर परिसरातल्या एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीची सही घ्यायची. प्रतिष्ठित व्यक्तींची यादी सोबत जोडलेली होती. चिरंजीवांच्या ओळखीत त्यातलं एकच माणूस बसत होतं: रहिवासी संघाचे अध्यक्ष.

आईचा जीव एका बाजूला आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र दुसऱ्या बाजूला असताना कुठलाही मुलगा क्षणाचाही विचार करणार नाही. चिरंजीवांनी दोन तास केला. बाहेरच्या चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी पहिला मसुदा लिहिला, आणि तो भाषेच्या दृष्टीनं फार सुरेख उतरला होता. 'माझ्या मातोश्रींना जिने चढण्याचा छंद आहे. त्यांना भांडी घासण्याची पहिल्यापासून आवड असून पाणी भरण्यात त्यांचे मन रमते. केर काढणे हा त्यांचा विरंगुळा आहे. या छंदांस आम्ही कधीही आडकाठी केलेली नाही.'

डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. चौथ्या दिवशीही त्यांच्या समोरचा चहा गारच होता. "छंदाला गुण नाहीत," त्या म्हणाल्या. "कामाला आहेत. बारा वाजून गेलेत, साहेब. चारला समिती बसते."

मग चिरंजीव आईकडे गेले, कारण कामांची यादी दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हती. आई हळूहळू, मधे खोकत सांगत गेली आणि ते लिहीत गेले. पाण्याची टाकी. दूध. केर, फरशी. भांडी दोन वेळा. कपडे धुणं, वाळत घालणं, घड्या. इस्त्रीला नेणं आणि आणणं. पंखे पुसणं, महिन्यातून एकदा. सूनबाईंच्या कपड्यांची बटणं. चिरंजीवांच्या बुटांना पॉलिश. ("बूट तू करतेस?" "मग काय, आपोआप चमकतात?") समोरच्या घरातल्या आंधळ्या मास्तरांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं, रोज अर्धा तास. गॅस आला की दार उघडणं. पाहुणा आला की चहा. सातच्या आत सगळं आवरून, तोंडावर पाणी मारून, खिडकीशी खुर्चीत जाऊन बसणं.

"ते कशाला?" चिरंजीवांनी विचारलं.

"तुला आल्या आल्या बरं वाटावं म्हणून," आई म्हणाली. मग कागदाकडे बघून घाबरली. "अरे, एवढं सगळं नको लिहूस. लोक तुला नावं ठेवतील. थोडी कमी लिही. पॉलिशचं गाळ."

चिरंजीव रडले. वॉर्डभर लोक असताना, चोपन्नाव्या वर्षी, तोंड वेडंवाकडं करून रडले. (निवेदनावर दोन ठिकाणी शाई फुटल्यामुळे ते अमान्य झालं आणि पुन्हा लिहावं लागलं. वेळ पंचवीस मिनिटं.) एकूण कामं एकतीस भरली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'मला माहीत नव्हते. मी विचारले नव्हते. ती स्टुलावरून पडली. माझे प्रशस्तिपत्र पुसत होती.'

अध्यक्षांनी निवेदन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी सही केली आणि दाराशी आल्यावर हळूच विचारलं, "हे... सगळ्यांच्या घरी असतं का हो?" घरी त्यांचीही आई होती, ब्याऐंशी वर्षांची. ती आराम करत असे.

पावणेचारला कागद पोचले. जिन्यांचे आठ गेले, परावलंबनाचे पाच गेले, स्टूल सापडल्यामुळे अज्ञात कारणाचे सात गेले. भ्रमाचेही सहा गेले, म्हणजे नेमकं असं की भ्रम होता हे समितीनं कायम ठेवलं, फक्त तो रुग्णाच्या नावावरून काढून नातेवाइकाच्या नावावर टाकला. छातीतल्या कफाचे दोन नवीन चढले. ते चार दिवसांच्या मूल्यांकनाचं उत्पन्न. एकूण नऊ. समितीतल्या पाचही सदस्यांनी कुतूहल म्हणून आपापले गुण काढून पाहिले. दोन जिने न थांबता चढणारा त्यांच्यात एकही नव्हता. (कक्ष पहिल्या मजल्यावर असून ते लिफ्टनं येतात.)

समिती शस्त्रक्रियेला परवानगी देणार, तेवढ्यात लक्षात आलं की रक्ताचे अहवाल बहात्तर तासच ग्राह्य असतात आणि ते सकाळी अकराला संपले. पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. हे कळल्यावर हाडांचे डॉक्टर स्वतः पहिल्या मजल्यावर आले, जिन्यानं आले, आणि जे बोलले ते इतिवृत्तात 'चर्चा झाली' या दोन शब्दांत नोंदवलेलं आहे. शुक्रवारी सकाळी सातला आईला आत नेलं. पन्नास मिनिटांत खुबा बसला.

आई वाचली. दोन दिवसांत झालं असतं तर पंधरवड्यात काठीवर चालली असती, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले होते; पाचव्या दिवशी झाल्यामुळे छातीच्या औषधांत दहा दिवस गेले आणि वॉकरच्या चौकटीचा आधार घेऊन चालायला दोन महिने लागतील असं आता म्हणाले. चार मजले विसरा, असंही म्हणाले. कक्षाच्या आकडेवारीत मात्र ही केस पूर्ण यशस्वी म्हणून लागली.

निघायच्या दिवशी गडबड होती. गाडी खाली उभी, औषधांची पिशवी हातात, सूनबाई लिफ्ट धरून. डॉक्टरबाईंनी शेवटचा फॉर्म पुढे केला, घरी सोडण्याचा, एकच पान. चिरंजीवांनी तो भराभर भरला. पत्ता. मजला. फोन. 'घरी आजारी माणसाचं कोण करतं? (नाव नको, नाते लिहावे.)' या वेळी त्यांनी ठरवलं होतं की फॉर्मवर एक अक्षर खोटं लिहायचं नाही. त्यांनी आठवून पाहिलं. सूनबाईंच्या काविळीत कोण उठायचं, आपल्याला ताप आला तेव्हा उशाशी कोण बसायचं. आणि प्रामाणिकपणे लिहिलं: आई.

डॉक्टरबाईंनी वाचलं. त्या हसल्या नाहीत, की चिडल्या नाहीत. त्यांनी खणातून एक रबरी शिक्का काढला आणि त्या उत्तरावर मारला. 'रुग्ण व काळजीवाहक एकच. नोंद घेतली.' गेल्या वर्षी घरी गेलेल्या दोनशे बारा आज्यांपैकी एकशे सव्वीस जणींच्या फॉर्मवर हेच उत्तर आल्यामुळे शिक्का करून घेणं सोयीचं पडलं होतं.

वाचकांना इथे हसू आलं असेल तर कक्षाची हरकत नाही. तो फॉर्म आता सर्वांसाठी खुला करण्यात आला आहे, हाड मोडेपर्यंत थांबायची गरज नाही. आपण तो आत्ता, बसल्या जागीच भरू शकता. पहिला प्रश्न सोपा आहे: आपली आई काल दिवसभरात किती वेळा उठली? उत्तर तिला न विचारता लिहायचं आहे. आणि विचारायचं म्हटलंत तरी जरा थांबावं लागेल, कारण हे वाचत असताना तुमच्या शेजारी जो चहा आणून ठेवलेला आहे, त्याचं भांडं ती आत घासत असेल.